बाहेरच्या पुरवठादारांवर होणारा शासकीय कार्यालयाचा खर्च कागदांवरून कसा वाचावा?

पार्ल्याची रहिवासी

नमस्कार. आमच्या परिसरातील काही रहिवाशांनी मिळून मुंबईतील एका राज्य शासकीय कार्यालयाच्या गेल्या दोन आर्थिक वर्षांतील बाह्य सेवा आणि खरेदीची कागदपत्रे माहितीच्या अधिकाराखाली मिळवली आहेत. कार्यालयाचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण कोणावर ठपका ठेवण्याआधी हे कागद आम्हाला नीट वाचता आले पाहिजेत असे वाटते. आमच्यापैकी कोणीही लेखा किंवा निविदांच्या कामातले नाही, म्हणून येथील जाणकारांना विचारते आहे.

सफाई आणि सुरक्षेसाठी मनुष्यबळ पुरवणाऱ्या एका संस्थेला रीतसर ई-निविदेने एका वर्षाचे काम मिळाले. ते वर्ष संपल्यावर ‘नवीन निविदा प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत’ असा शेरा देऊन तीन-तीन महिन्यांच्या मुदतवाढी दिल्या गेल्या, परंतु ती नवीन निविदा मिळालेल्या कागदांत कोठेही नाही. दुसरीकडे टोनर, छपाई, फर्निचरची दुरुस्ती आणि संगणकांची देखभाल यांचे बरेच आदेश फेब्रुवारी-मार्चमध्ये निघाले असून त्यांतील पुष्कळसे ३ लाख रुपयांच्या किंचित खाली आहेत. प्रत्येक आदेशासोबत तीन दरपत्रके जोडलेली आहेत आणि प्रत्येक वेळी सर्वांत कमी दर देणाऱ्यालाच काम दिलेले आहे. मात्र काही ठिकाणी तिन्ही दरपत्रकांची मांडणी एकसारखी आहे आणि वस्तूच्या नावातील शुद्धलेखनाची चूकसुद्धा तिन्हींत तीच आहे.

कार्यालयातील संबंधितांचे म्हणणे असे की, किमान दर स्वीकारलेला आहे आणि लेखापरीक्षणही होत असते, तेव्हा प्रश्न कसला? हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही, पण ते अपुरे का आहे हे नेमक्या शब्दांत सांगताही येत नाही. किमान दर स्वीकारणे आणि सार्वजनिक पैसा योग्य रीतीने खर्च होणे या दोन गोष्टी एकच आहेत का? नसतील, तर त्यांतील अंतर कोणत्या कागदावर दिसते आणि आम्ही कोणते कागद मागायचे राहिलो आहोत?

निवृत्त लेखाधिकारी

ताई, या दोन गोष्टी एक नाहीत. किमान दर हा फक्त दर उघडण्याच्या दिवसाचा निकाल असतो. काय घ्यायचे, किती घ्यायचे आणि कोणत्या अटींवर घ्यायचे हे त्याच्या बरेच आधी ठरलेले असते, आणि प्रत्यक्षात किती पैसे गेले हे त्याच्या बरेच नंतर ठरते. राज्य शासनाच्या लेखा शाखेतील नोकरीत माझे मत असे झाले की, निविदा उघडण्याच्या टप्प्यावर सर्वांची नजर असल्यामुळे तेथे गैरप्रकाराला वाव कमी असतो. पैसा गळतो तो त्या टप्प्याच्या अलीकडे किंवा पलीकडे. आपण मागवलेले कागद बहुतेक त्या मधल्या टप्प्याचे दिसतात.

सुरुवात पैसा कोठून आला येथून करावी. विधिमंडळाने मंजूर केलेले अनुदान वेगवेगळ्या उद्दिष्टशीर्षांत, म्हणजे खर्चाच्या प्रकारानुसार ठरवलेल्या शीर्षांत, विभागलेले असते. बाहेरून घेतलेले मनुष्यबळ सहसा ‘१० कंत्राटी सेवा’ या शीर्षाखाली येते, टोनर-छपाईसारखा खर्च ‘१३ कार्यालयीन खर्च’ खाली आणि संगणकांशी निगडित खर्च ‘१७ संगणक खर्च’ खाली. अनुदानाचे वितरण आणि खर्च यांची नोंद राज्याच्या ‘बीम्स’ या संगणकीय प्रणालीत होते. या कार्यालयाला संबंधित शीर्षाखाली रक्कम कोणत्या महिन्यात वितरित झाली ते आधी पाहा, कारण मार्चमधील गर्दीचा उलगडा बऱ्याच वेळा त्या तारखेत असतो. वर्षभर हात आखडता ठेवून जानेवारी-फेब्रुवारीत रक्कम हाती आली, तर अधिकाऱ्यापुढे दोनच वाटा उरतात: ३१ मार्चपूर्वी ती खर्च करणे किंवा समर्पित करणे, म्हणजे शासनाला परत करणे. समर्पित केली तर पुढील वर्षीची तरतूद कमी होईल ही धास्ती खरी असते. अशा वेळी ई-निविदेला लागणारा अवधी उरलेला नसतो आणि मग मोठ्या मागणीचे तुकडे पडतात. वर्षअखेरच्या खरेदीवर निर्बंध घालणारी परिपत्रके वित्त विभाग काढतो ती या घाईला आवर घालण्यासाठीच. याचा अर्थ मार्चमधील प्रत्येक आदेश खोटा असतो असे नाही. मार्चमध्ये घेतलेले टोनर साठा नोंदवहीत कोणत्या तारखेला जमा झाले आणि कोणत्या तारखांना कोणत्या शाखेला दिले गेले, हे पाहिल्याशिवाय मात्र निष्कर्ष काढू नये. पुढील मार्चमध्ये पुन्हा खरेदी होताना आधीचा साठा निम्मा पडून असेल, तर किमान दराने घेऊनही तो खर्च अनाठायी ठरतो.

आता ३ लाखांच्या आकड्याविषयी. उद्योग, ऊर्जा व कामगार विभागाने १ डिसेंबर २०१६ रोजी शासन निर्णयाद्वारे कार्यालयीन खरेदीची सुधारित नियमपुस्तिका लागू केली आणि ३ लाखांच्या पुढील खरेदीला ई-निविदा बंधनकारक ठेवली. अशा मर्यादा पुढील शासन निर्णयांनी बदलू शकतात, म्हणून ज्या तारखेचा आदेश असेल त्या तारखेला लागू असलेली मर्यादा पाहावी. सक्षम प्राधिकाऱ्याची मान्यता किंवा निविदा टाळण्यासाठी मागणीचे तुकडे पाडणे निषिद्ध आहे. केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांतील नियम १५७ हेच सांगतो आणि राज्याच्या नियमपुस्तिकेचा रोखही तोच आहे. तुकडे पाडले आहेत की नाही हे ओळखण्यासाठी एकेक आदेश न पाहता, एकाच प्रकारच्या वस्तूचे वर्षभरातील सर्व आदेश तारखेनुसार एका तक्त्यात मांडा. पंधरा दिवसांच्या आत एकाच वस्तूचे दोन-तीन आदेश निघाले असतील, तर गरज एकाच वेळी माहीत होती की नव्हती हा प्रश्न विचारता येतो, आणि त्याचे उत्तर शाखेने सादर केलेल्या मूळ मागणीपत्राच्या तारखेत असते. दोन आदेशांमागे एकच मागणीपत्र असेल, तर स्पष्टीकरणाला फारशी जागा राहत नाही.

मुदतवाढीचा मुद्दा मला अधिक गंभीर वाटतो. मूळ करारात मुदतवाढीचे कलम असेल, तर एखादी मुदतवाढ समजण्यासारखी आहे. परंतु ‘नवीन निविदा पूर्ण होईपर्यंत’ असे लिहिण्याआधी नवीन निविदेचा प्रस्ताव कोणत्या तारखेला सुरू झाला, प्रारूप कोणाकडे गेले, कोणाच्या टेबलावर किती दिवस थांबले, हे फाइलमधील टिपणीवर दिसले पाहिजे. करार संपण्याच्या पुरेसा आधी प्रस्तावच सादर झाला नसेल, तर तो शेरा म्हणजे स्पर्धेशिवाय काम देण्याचा मार्ग ठरतो. येथे ‘जुन्याच दराने काम करून घेतले, शासनाचे नुकसान काय’ असा बचाव नेहमी होतो. त्याचे उत्तर असे की, दर जुना असला तरी एकूण रक्कम मूळ मंजुरीच्या कितीतरी पुढे गेलेली असते, आणि ज्या अधिकाऱ्याला एका वर्षाच्या रकमेची मान्यता देण्याचा अधिकार होता त्याला त्या वाढीव रकमेचा अधिकार असेलच असे नाही. प्रशासकीय मान्यतेची रक्कम, कार्यादेशाची रक्कम आणि प्रत्यक्ष अदा झालेल्या देयकांची बेरीज हे तीन आकडे शेजारी ठेवा. माझ्या मते आपल्या गटाने करण्याजोगे सर्वांत महत्त्वाचे काम हेच आहे.

लेखापरीक्षणाच्या उत्तराबद्दल एवढेच सांगतो की, ‘लेखापरीक्षण होते’ हे वाक्य तपासता येते. महालेखाकार कार्यालयाचे पथक तपासणीनंतर निरीक्षण अहवाल देते, त्यातील आक्षेपांच्या परिच्छेदांना कार्यालयाला अनुपालन, म्हणजे केलेल्या कार्यवाहीचे उत्तर, सादर करावे लागते, आणि समाधान होईपर्यंत परिच्छेद प्रलंबित राहतो. शेवटचा निरीक्षण अहवाल आणि प्रलंबित परिच्छेदांची यादी मागवा. आपण ज्यावर बोट ठेवता आहात त्यावर लेखापरीक्षकांनी आधीच बोट ठेवलेले असण्याची बरीच शक्यता आहे.

लालबागचा मुद्रक

साहेबांनी लिहिलेले सर्व योग्यच आहे. शासकीय कार्यालयांना छपाई आणि लेखनसामग्री पुरवणारा एक लहान व्यावसायिक म्हणून पुरवठादाराच्या बाजूने काही गोष्टी जोडणे मला आवश्यक वाटते.

ताई, तिन्ही दरपत्रकांची मांडणी सारखी असण्याचे एक निर्दोष कारणही असू शकते. कित्येक कार्यालये स्वतःच नमुना देतात आणि त्याच नमुन्यात दर भरून मागतात. म्हणून ती शुद्धलेखनाची चूक कार्यालयाच्या मागणीपत्रात आहे का, हे आधी पाहा. तेथे असेल, तर तिघांनी ती जशीच्या तशी उतरवली एवढाच त्याचा अर्थ. तेथे नसेल आणि तरीही तिघांनी स्वतंत्रपणे तीच चूक केली असेल, तर मात्र तिन्ही कागद एकाच ठिकाणी तयार झाले असावेत असे मानायला जागा आहे. आमच्या व्यवसायात याला ‘सपोर्टिंग कोटेशन’ म्हणतात. काम एकाला द्यायचे आधीच ठरलेले असते आणि उरलेली दोन दरपत्रके आणण्याची जबाबदारीही त्याच्यावरच टाकली जाते. ती देणारे दोघे ओळखीचे असतात आणि पुढच्या वेळी त्यांची पाळी येईल या भरवशावर सही-शिक्का देतात. ही सवय आमच्या व्यवसायात इतकी रुजली आहे की, नव्याने आलेल्या मुलांना हीच रीत वाटते, याचे मला मनापासून दुःख होते. तीन दरपत्रकांची अट स्पर्धेसाठी आहे. तिन्ही एका हातून आली की ती अट पाळल्याची नुसती नोंद राहते.

दुसरी गोष्ट अशी की, कार्यालयाला मिळणारा किमान दर हा बाजारातला किमान दर नसतो. त्यात उशिराची किंमत मिसळलेली असते. समजा, १ लाख रुपयांच्या छपाईचे देयक आठ महिन्यांनी निघणार हे आम्हाला अनुभवाने माहीत आहे. वर्षाला १२ टक्के व्याजाने भांडवल आणले, तर त्या एका कामावर ८,००० रुपये व्याज जाते. ते आम्ही दरात धरतो आणि सगळेच धरतात. त्याशिवाय निविदेसोबत भरलेली बयाणा रक्कम आणि काम मिळाल्यावर ठेवलेली सुरक्षा अनामत अडकून पडते. याचा परिणाम असा होतो की, भांडवल कमी असलेला परंतु चांगले काम करणारा मुद्रक दर भरतच नाही आणि शेवटी मोजकेच पुरवठादार उरतात. दोन-तीन ओळखीच्या नावांतच कामे फिरतात त्याचे एक कारण संगनमत असते आणि दुसरे कारण हे असते. दुसऱ्या कारणाकडे कोणी पाहत नाही, म्हणून येथे सांगतो.

सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ च्या कलम १५ नुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांना जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, आणि कलम १६ नुसार उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज द्यावे लागते. २०१७ मध्ये त्यासाठी ‘समाधान’ हे संकेतस्थळ सुरू झाले आणि ऑनलाइन तक्रारही करता येते. पण ज्या कार्यालयाकडून पुढचे काम अपेक्षित आहे त्याच्याविरुद्ध तक्रार करण्याचे धैर्य लहान व्यावसायिकाला होत नाही. नागरिकांच्या गटाला ही अडचण नाही. आपण देयक सादर झाल्याची तारीख आणि पैसे अदा झाल्याची तारीख अशी साधी यादी मागितली आणि ती प्रसिद्ध केली, तरी आमच्यासारख्यांचे मोठे काम होईल. त्या यादीतून आणखी एक गोष्ट कळेल: काही पुरवठादारांची देयके तीन आठवड्यांत आणि काहींची दहा महिन्यांत का निघतात.

कामगार कायद्याची वकील

मी फक्त मनुष्यबळाच्या करारावर लिहिते, कारण वस्तूंच्या खरेदीपेक्षा त्याचे गणित वेगळे असते आणि ‘किमान दर’ हा शब्द तेथे सर्वाधिक फसवा ठरतो.

सफाई कर्मचाऱ्याचे किमान वेतन शासन ठरवते. त्यावर मालकाच्या वाट्याची भविष्य निर्वाह निधीची रक्कम प्रशासकीय आकारांसह १३ टक्के, आणि वेतन २१,००० रुपयांच्या मर्यादेत असल्यास कर्मचारी राज्य विमा योजनेची ३.२५ टक्के, असे दरही कायद्यानेच ठरलेले आहेत. म्हणजे निविदा भरणाऱ्याच्या हातात खऱ्या अर्थाने एकच आकडा उरतो, तो म्हणजे त्याचे सेवाशुल्क. स्पर्धा तेवढ्यावर होते आणि हा आकडा नाममात्र, कधी जवळजवळ शून्यापर्यंत खाली येतो. कार्यालय समाधानाने नोंद करते की किमान दर मिळाला. पण त्याच शुल्कातून संस्थेला पर्यवेक्षकाचा पगार, गणवेश, अडकलेल्या अनामतीवरचे व्याज आणि दोन-तीन महिने देयक न निघाल्यास सर्वांचे वेतन आगाऊ देण्याचा भार उचलायचा असतो. शून्याच्या आसपासच्या शुल्कात हे भागत नाही. मग वीस जणांचे देयक लावून सोळा जणांकडून काम करून घेतले जाते, निर्वाह निधीची रक्कम वेळेवर भरली जात नाही, किंवा नोकरी देतानाच कामगाराकडून ‘डिपॉझिट’ घेतले जाते. शासनाने वाचवलेला म्हटला जाणारा पैसा असा त्या स्त्री-पुरुषांच्या खिशातून वसूल होतो आणि हे कार्यालयाच्या कोणत्याही तुलनात्मक तक्त्यावर दिसत नाही. मला हा प्रश्न केवळ हिशेबाचा वाटत नाही. ज्या इमारतीत कायद्याची अंमलबजावणी होते तिच्याच जिन्यावर तो मोडला जातो.

म्हणून मासिक देयकासोबत जोडलेला हजेरीपट, बँकेतून वेतन जमा झाल्याचे विवरण आणि निर्वाह निधीचे मासिक विवरणपत्र चलनासह मागा. या तिन्हींतील माणसांची संख्या एकच असली पाहिजे. कामगारांची नावे आणि खातेक्रमांक झाकून प्रती मागितल्या, तर वैयक्तिक माहितीचे कारण देऊन नकार देता येणार नाही, कारण आपल्याला संख्या आणि रकमाच हव्या आहेत.

मुदतवाढीच्या काळाबाबत एक गोष्ट विशेष पाहावी. महाराष्ट्रात किमान वेतनावरील विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैमध्ये, सुधारित होतो. मुदतवाढ ‘जुन्याच दराने’ दिली असेल, तर वाढलेला भत्ता कोणी दिला? कार्यालयाने दिला असेल, तर दर जुना राहिला नाही आणि वाढीव रकमेला स्वतंत्र मान्यता हवी. कार्यालयाने दिला नसेल, तर कामगाराला किमान वेतनापेक्षा कमी मिळाले असण्याची शक्यता आहे, आणि कंत्राटदाराने वेतन चुकते न केल्यास ते देण्याची जबाबदारी मुख्य मालकावर, म्हणजे काम करून घेणाऱ्या कार्यालयावर, येते, हे तत्त्व १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून चालत आलेले आहे. म्हणजे ते देणे शेवटी शासनाच्याच तिजोरीवर येते.

किमान दराशिवाय दुसरा मार्गच नाही असे जे सांगितले जाते तेही पूर्ण खरे नाही. केंद्रीय वित्त मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत ठरावीक अटींवर बांधकामासारख्या कामांसाठी, तसेच सल्लागारिता सोडून इतर सेवांसाठीही गुणवत्ता आणि दर यांचे एकत्रित मूल्यमापन करण्याची मुभा दिली आणि त्यात दराखेरीजच्या बाबींचे वजन ३० टक्क्यांच्या पुढे जाऊ नये असे बंधन घातले. ही पद्धत गुण देणाऱ्यांच्या हाती अधिकार देते, म्हणून तिचेही धोके आहेत, आणि सफाईसारख्या कामाला ती लावावी असा माझा आग्रह नाही. मी त्याऐवजी सेवाशुल्काला व्यवहार्य किमान मर्यादा ठेवून कामगारांच्या देण्यांची दरमहा तपासणी करणे पसंत करेन.

निवृत्त लेखाधिकारी

वकीलताईंनी विशेष भत्त्याचा मुद्दा मांडला तो माझ्या उत्तरात राहिला होता आणि तो फार महत्त्वाचा आहे. एकच भर घालतो: मुंबईतील राज्य शासकीय कार्यालयांची देयके अधिदान व लेखा कार्यालयाकडे जातात आणि तेथे मंजुरीचा आदेश, तरतूद आणि गणित तपासले जाते. वीस माणसांपैकी प्रत्यक्षात किती आली हे तेथे कळण्याचा मार्ग नाही. ‘काम समाधानकारक झाले’ असे प्रमाणपत्र संबंधित शाखेचा अधिकारी देतो आणि त्या एका सहीवर पुढची सगळी साखळी विसंबून असते. ते प्रमाणपत्र कोणी, कोणत्या नोंदींच्या आधारे दिले, हे विचारायला विसरू नका.

भांडुपकर

मला महापालिकेबद्दल लिहायचे आहे, कारण आपल्यापैकी बहुतेकांना रोज दिसणारा खर्च राज्य शासनाच्या कार्यालयांपेक्षा विभाग कार्यालयांतून होणारा असतो. बृहन्मुंबई महानगरपालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा होता आणि रस्ते, नाले, कचरा वाहतूक ही कामे प्रामुख्याने कंत्राटदारांमार्फतच होतात. येथे राज्याची खरेदी नियमपुस्तिका वाचून भागत नाही. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमात करार आणि निविदांची स्वतंत्र कलमे आहेत, ठरावीक रकमेच्या वरील करारांना स्थायी समितीची मान्यता लागते आणि महापालिकेचे स्वतःचे मुख्य लेखापरीक्षक आहेत. ७ मार्च २०२२ रोजी नगरसेवकांची मुदत संपल्यावर दीर्घ काळ प्रशासकांनीच हे सर्व निर्णय घेतले. स्थायी समितीत प्रस्तावावर प्रश्न विचारले जाण्याची जी उघड संधी असते ती त्या काळात नव्हती, हे त्या वर्षांचे कागद वाचताना लक्षात ठेवावे.

साहेबांनी सांगितलेले ‘अलीकडे आणि पलीकडे’ हे महापालिकेच्या बाबतीत तर अहवालातच नोंदले गेले आहे. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांनी नोव्हेंबर २०१९ ते ऑक्टोबर २०२२ या काळातील महापालिकेच्या सुमारे १२,००० कोटी रुपयांच्या खर्चाची विशेष तपासणी केली आणि मार्च २०२३ मध्ये तो अहवाल विधानसभेत मांडला गेला. त्यानुसार सुमारे २१४ कोटींची २० कामे निविदा न मागवताच दिलेली होती. मला त्याहून अस्वस्थ करणारी नोंद पुढची वाटली: सुमारे ४,७५५ कोटी रुपयांच्या ६४ कामांत महापालिका आणि कंत्राटदार यांच्यात करारच झालेला नव्हता. निविदा झाली, कामही सुरू झाले, पण वाद उद्भवल्यास ज्या कागदाच्या आधारे दंड आकारायचा किंवा दोषदायित्व कालावधीत, म्हणजे कामातील दोष कंत्राटदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायच्या मुदतीत, दुरुस्ती करून घ्यायची तो कागदच नाही. सुमारे ३,३५५ कोटींच्या १३ कामांवर त्रयस्थ लेखापरीक्षक (कामाचा दर्जा तपासणारी बाहेरची संस्था) नेमलेला नव्हता, अशीही नोंद आहे. त्रयस्थ लेखापरीक्षक नेमला म्हणजे सर्व ठीक असेही मी म्हणणार नाही. २०१६ मधील रस्त्यांच्या प्रकरणात कंत्राटदारांच्या जोडीने अशा लेखापरीक्षकांच्या माणसांनाही अटक झाली होती.

दरपत्रकांतील सारखेपणाबद्दल येथे चर्चा झाली आहे म्हणून पुण्याचे एक उदाहरण देतो. पुणे महानगरपालिकेच्या घनकचरा प्रकल्पांच्या निविदांत स्पर्धकांनी संगनमत केल्याची तक्रार एका नागरी संघटनेने भारतीय स्पर्धा आयोगाकडे केली होती. चौकशीत निविदा एकाच आयपी पत्त्यावरून भरल्या गेल्यासारखे पुरावे पुढे आले आणि २०१८ मध्ये आयोगाने संबंधित कंपन्यांना दंड केला. स्पर्धा अधिनियम, २००२ च्या कलम ३ मध्ये निविदेतील संगनमत स्पष्टपणे येते. तेव्हा पार्ल्याच्या ताईंना दिसलेली शुद्धलेखनाची चूक किरकोळ समजू नये. असे तपशीलच पुढे पुरावा ठरतात.

महापालिकेच्या कागदांसाठी प्रत्येक वेळी अर्ज करण्याचीही गरज नाही. सामान्य प्रशासन विभागाच्या २६ नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयानुसार जिल्हा व त्याखालील पातळीवरील कार्यालये आणि स्थानिक स्वराज्य संस्था यांनी दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहण्यासाठी उपलब्ध करून द्यायचे आहेत. शासन निर्णयाची प्रत बरोबर न्यावी, कारण तो दाखवल्याशिवाय पुष्कळ ठिकाणी नस्ती (फाइल) बाहेर येत नाही.

पार्ल्याची रहिवासी

सर्वांची मनापासून आभारी आहे. मुद्रकदादांनी सांगितल्याप्रमाणे कागद पुन्हा काढून पाहिले. ती चूक कार्यालयाच्या मागणीपत्रात नाही. तेथे शब्द बरोबर लिहिलेला आहे. संगणक देखभालीच्या दोन आदेशांमागे एकाच तारखेचे एकच मागणीपत्र असल्याचेही आता लक्षात आले. मुदतवाढीचे आदेश आमच्याकडे आहेत, पण त्यामागच्या टिपण्या नाहीत. आता दुसरा अर्ज करायचा आहे. पहिल्या वेळी आम्ही ‘सर्व कागदपत्रे द्यावीत’ असे लिहिले होते आणि जे मिळाले ते कोणत्या नियमाने निवडले गेले हे कळले नाही. या वेळी अर्ज कसा लिहावा? आणि पुरवठादारांची व्यावसायिक गोपनीयता असे कारण पुढे आले, तर काय उत्तर द्यावे?

निवृत्त लेखाधिकारी

ताई, महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एका विषयापुरता आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. म्हणून मुदतवाढ, दरपत्रके आणि देयके यांचे तीन वेगळे अर्ज करा. शुल्क प्रत्येकी १० रुपये आहे आणि राज्याच्या संकेतस्थळावरून ऑनलाइनही भरता येते.

‘सर्व कागदपत्रे’ असे न लिहिता नस्तीचे नाव घ्या. मुदतवाढीच्या अर्जात असे लिहा: ‘अमुक दिनांकाच्या कार्यादेशास मुदतवाढ देण्याबाबतच्या नस्तीतील टिपणी भाग व पत्रव्यवहार भाग, मूळ प्रशासकीय मान्यतेचा आदेश, नवीन निविदेचा प्रस्ताव प्रथम सादर झाल्याच्या दिनांकाची टिपणी, आणि मूळ मुदत संपल्यानंतर अदा केलेल्या देयकांची महिनानिहाय यादी.’ नस्ती मोठी असेल, तर माहिती अधिकार कायद्याच्या कलम २(ञ) नुसार आधी अभिलेखाची पाहणी मागा आणि पाहणी करताना हव्या असलेल्या पानांवर खूण करून तेवढ्याच प्रती घ्या. प्रत्येक पानाला २ रुपये लागतात, पण महत्त्वाचा फायदा खर्चाचा नाही: पाहणीत पृष्ठक्रमांक सलग आहेत की मध्ये तुटलेले आहेत हे आपल्या डोळ्यांना दिसते.

व्यावसायिक गोपनीयतेचे कारण कलम ८(१)(घ) खाली दिले जाईल. हे कलम पुरवठादाराच्या स्पर्धात्मक स्थानाला हानी पोहोचेल अशा माहितीपुरते आहे आणि व्यापक जनहित असल्यास तेथेही माहिती देता येते. काम दिले गेल्यावर स्वीकारलेला दर, मुदतवाढ आणि सार्वजनिक निधीतून दिलेली रक्कम यांत गुपित असे काही उरत नाही, असे स्पष्टपणे मांडा. तरीही एखादा भाग वगळायचा असेल, तर कलम १० नुसार तेवढा झाकून उरलेला कागद देणे त्यांना बंधनकारक आहे.

उत्तरासाठी ३० दिवस आहेत. ते न आल्यास किंवा अपुरे आल्यास त्यानंतरच्या ३० दिवसांत पहिले अपील करा. दरपत्रकांतील चुकीविषयी स्पर्धा आयोगाकडे किंवा अन्यत्र जायचे ठरले, तर तोवर त्या तीन दरपत्रकांच्या प्रमाणित प्रती आणि शुद्ध शब्द असलेले मागणीपत्र एकत्र जपून ठेवा. दरपत्रकांची मूळ नस्ती पाहण्याचा अर्ज मात्र इतर दोन अर्जांच्या आधी द्या.